पेटीच्या क्लासची फी: एकच आकडा सगळ्यांना कसा पुरणार?

पत्र असं आहे:

"मी म्हापशाला घरच्या पुढच्या खोलीत गेली ११ वर्षं गाणं आणि पेटी शिकवते. संध्याकाळच्या दोन बॅच, प्रत्येकी ८ मुलं, आठवड्यातून दोनदा एक तास, महिन्याला ८०० रुपये. सकाळी आणि शनिवारी मोठ्यांना एकेकट्याने शिकवते, तासाला ३०० रुपये. बॅचमधली दोन मुलं ५०० देतात. एकाचे वडील नाहीत, त्याच्याकडून मी काही घेत नाही. हे सगळं आजवर वहीत होतं. यंदा भाच्याने बुकिंगचं सॉफ्टवेअर लावून दिलं. त्यात क्लाससमोर किंमत टाकावी लागते, मी ८०० टाकली. झालं, ५०० देणाऱ्यांनाही ८०० भरा म्हणून निरोप गेला. मी फोन करून त्यांना समजावलं, ते बाहेर बसलेल्या दुसऱ्या आईने ऐकलं, आणि आता ती विचारते, 'त्यांना कमी आणि आम्हाला जास्त, असं का?' शिवाय सीझनला बाहेरचे लोक दोन-दोन आठवड्यांसाठी शिकायला येतात. त्यांच्याकडून जास्त घे, असं भाचा म्हणतो. मला ते बरं वाटत नाही. दुबईची एक गोंयकार मुलगी ऑनलाइन शिकायची म्हणते. किंमत किती लावू आणि कशी लावू?
एक शिक्षिका, म्हापसा"

ताई,

त्या आईचा राग धरू नका. तिने जे विचारलं ते विचारण्याचा तिला हक्क आहे, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तरही आहे. अडचण एवढीच की ते उत्तर आजवर फक्त तुमच्या मनात होतं, कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसलं की चांगुलपणासुद्धा भेदभावासारखा दिसतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी फोंड्याला बरीच वर्षं चित्रकलेचा क्लास घेत असे. सवलतीची मुलं माझ्याही वहीत होती, नावापुढे पेन्सिलीने केलेली एक खूण. एकदा वही टेबलावर उघडी राहिली आणि एका मुलीच्या आईने स्वतःच्या लेकीच्या नावापुढची खूण पाहिली. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मुलगी यायची बंद झाली. हात फार छान होता तिचा. मी दोनदा घरी जाऊन आले, पण त्या माउलीला जे लागलं होतं ते माझ्याने पुसलं गेलं नाही. मी उपकार केला नव्हता, पण त्या खुणेने तो उपकार करून टाकला. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी आकड्यांच्या आधी हाच विचार केला, की कमी देणाऱ्या घराला मान खाली न घालता कमी देता आलं पाहिजे.

यासाठी सॉफ्टवेअर वहीपेक्षा चांगलं आहे, फक्त ते नीट लावायला हवं. भाच्याने एक क्लास, एक किंमत असं लावलं आहे. पण बहुतेक बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाच क्लासला दोन-तीन प्रकारची तिकिटं जोडता येतात, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा दर आणि जागांची वेगळी मर्यादा देता येते. संध्याकाळच्या बॅचला असे तीन दर लावा: ५००, ८०० आणि ११००. तिन्ही सगळ्यांना दिसू देत. शिकवणं तेच, जागा तीच, वेळ तीच. खाली एक ओळ लिहा: "तुमच्या घराला झेपेल तो दर निवडा, कारण सांगायची गरज नाही."

आता हिशेब करू. आज तुमची १३ मुलं ८०० देतात, दोन ५०० आणि एक काहीच नाही. महिन्याचे ११,४०० झाले. प्रत्येक बॅचमध्ये ५०० च्या दोनच जागा ठेवल्या तर एकूण चार होतात, त्यातली एक तुम्ही ज्याच्याकडून काहीच घेत नाही त्या मुलाची, म्हणजे ५०० देणारी घरं तीन. उरलेल्या १२ जणांपैकी एकाच घराने ११०० निवडले आणि ११ जणांनी ८०० दिले, तरी बेरीज पुन्हा ११,४०० येते. म्हणजे आजच्यापेक्षा एक जास्त घर सवलतीत बसतं आणि तुमचा एक रुपयाही कमी होत नाही. ११०० कोण देणार, असं वाटेल तुम्हाला. देतात, ताई. ज्यांची दोन्ही माणसं चांगल्या नोकरीत आहेत आणि ज्यांना तुमच्या शिकवण्याची किंमत कळली आहे, अशी घरं तुमच्या १६ मध्ये नक्की असतील. त्यांना आजवर तसा रकानाच दिसला नव्हता.

कुणी ऐपत असून ५०० निवडेल का? एखादा निवडेल. निवडू दे. जागांची मर्यादा असल्यामुळे नुकसान वाढत नाही, आणि एका लबाडासाठी बाकीच्यांकडे उत्पन्नाचा दाखला मागणं मला पटत नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळा. ८०० चा दर यादीत वर ठेवा, कारण लोक समोर दिसेल तेच पहिल्यांदा दाबतात. आणि ५०० च्या जागा भरल्या की तिथे नुसतं "संपलं" असं दिसतं. त्याऐवजी प्रतीक्षा यादी सुरू ठेवा किंवा "जागा नसल्यास फोन करा" असं लिहा. खऱ्या गरजेचं घर त्या एका शब्दावरून परत फिरू नये.

दरांची नावं जपून द्या. "गरीब", "सवलत", "कन्सेशन" यातलं काही नको, कारण ते नाव पावतीवर छापून येतं आणि पावती मुलाच्या हाती पडते. तुम्ही गाणं शिकवता, तुमच्याकडे शब्दांची काय कमी? ५०० चा दर "साथ", ८०० चा "नेहमीचा", ११०० चा "हातभार". ज्या मुलाकडून काहीच घेत नाही त्याच्यासाठी पूर्ण माफीचं कूपन बनवा आणि त्याला "भूप" किंवा "यमन" असं नाव द्या. ते कूपन एकाच मुलासाठी, ठरलेल्या वेळा चालेल आणि ठरलेल्या तारखेला संपेल, असं बांधून ठेवा. नाहीतर कुणीतरी ते पालकांच्या ग्रुपवर टाकतं आणि पुढच्या महिन्यात सगळी बॅच फुकट शिकते. कूपन असलं तरी त्याचं बुकिंग इतरांसारखंच होतं, हजेरी इतरांसारखीच लागते. ते महत्त्वाचं आहे.

त्या विचारणाऱ्या आईला एवढंच सांगा: "हो, काही घरं कमी देतात. आता तीन दर सगळ्यांसाठी खुले केलेत, तुम्हाला जो योग्य वाटेल तो घ्या. कोण कोणता घेतो ते मी कुणालाच सांगत नाही." कुणाची परिस्थिती काय आहे ते मात्र तिला सांगू नका, कितीही खोदून विचारलं तरी.

आता तुमच्या एकेकट्याच्या तासाकडे येते, कारण तिथे तुमचं खरं नुकसान होतंय आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही ओझरता केला आहे. बॅचचे महिन्याला १६ तास होतात. ११,४०० भागिले १६, म्हणजे सवलती धरूनही बॅचचा एक तास तुम्हाला साधारण ७१२ रुपये देतो. शनिवारी तोच तास तुम्ही एका माणसाला ३०० ला देता. शनिवारी मुलांकडे मोकळा वेळ असतो, तिथे आणखी एक बॅच सहज भरेल. म्हणजे शनिवारचा एकेकटा तास ६५० च्या खाली जायला नको. सकाळचं तसं नाही. दहा ते बाराला मुलं शाळेत असतात, तुमची खोली रिकामीच असते. तिथे निवृत्त माणसं, गृहिणी, रात्रपाळी करणारे येऊ शकतात, त्यांना स्वस्त पडलं तर आनंदच आहे. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये "एकेकटा तास" ही एकच सेवा ठेवू नका. "सकाळचा तास" आणि "शनिवारचा किंवा संध्याकाळचा तास" अशा दोन करा आणि दोघांना वेगळा दर लावा. काही सॉफ्टवेअरमध्ये वार आणि वेळ बघून दर बदलण्याचा नियम घालता येतो. तुमच्याकडे ती सोय नसेल तर दोन सेवा करणं अगदी पुरतं.

सकाळचा सुटा तास ४५० ठेवा, आणि पाच तासांचा पास १७५० ला, म्हणजे तास ३५० ला पडतो. पास तीन महिने चालेल असा करा. आपल्याकडे मोठी माणसं शिकायला येतात ती बरीचशी भजनाच्या ओढीने येतात, आणि ती वर्षभर सारखी कशी येतील? नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून वास्कोचा दामोदर सप्ताह, मग चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, मग गावागावच्या जत्रा. ज्याला तिथे भजनाला बसायचं आहे त्याला त्या दिवसांत तुमच्या खोलीत बसवता येणार नाही आणि बसवूही नये. महिन्याच्या फीमध्ये असा माणूस दर वेळी "माझे दोन तास बुडाले" म्हणून कुरकुरतो. पासमध्ये त्याचे तास शिल्लक राहतात. पण पासला शेवटची तारीख नक्की घाला, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी उरलेला एक तास मागायला येतं.

मुलांच्या बॅचला पास नको. तिथे तुम्ही प्रत्येकासाठी जागा राखून ठेवता, मूल आलं नाही तरी ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. फी त्या राखलेल्या जागेची आहे. मात्र महिन्याच्या हिशेबातून बाहेर या, हे मी आग्रहाने सांगते. चवथीच्या महिन्यात आठऐवजी सहाच तास होतात आणि पालक ८०० द्यायला का-कू करतात, ते चुकीचंही नाही. त्यापेक्षा २४ तासांचं सत्र करा. नेहमीच्या दराने २४०० रुपये, हवे तर ८०० च्या तीन हप्त्यांत. बाकी दोन दरही त्याच प्रमाणात, १५०० आणि ३३००. चवथीचा आठवडा सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरवर आधीच बंद करून ठेवा, सत्राचा शेवट एक आठवडा पुढे जाईल, एवढंच. कुणाचा तास बुडत नाही, तुम्हाला कुणाशी बोलावं लागत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवत असाल, तर त्यांचा फॉर्म आणि शुल्क फीमध्ये मिसळू नका. ते पैसे तुमचे नाहीत, पुढे जाणारे आहेत, आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंत ते वेगवेगळे असतात. बुकिंगला जोडून घेता येणारी वेगळी बाब म्हणून ठेवा, ज्याला लागेल तो खूण करेल. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला येतात, त्याआधी जादा तास घेत असाल तर त्यांचीही अशीच वेगळी नोंद करा. आजवर ते तुम्ही फुकट घेतले असणार, तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसं वाटतं.

आता सीझनचा प्रश्न. तुम्हाला जे बरं वाटत नाही ते मलाही वाटत नाही. एकाच तासासाठी गोरा चेहरा बघून दुप्पट सांगणं, किंवा बाहेरच्या फोनवरून लिंक उघडली की दर वाढवणं, हे करू नका. आपल्या गोव्यात रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यावरून पाहुण्यांचे जे वाद होतात ते आपण सगळे बघतो, तो वाद आपल्या घराच्या पायरीवर कशाला आणायचा? पण भाच्याच्या म्हणण्यात एक खरं आहे. दोन आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला तुम्ही जे देता ते वेगळंच काम आहे. त्याच्याकडे पेटी नसते, तुमची द्यावी लागते. सा कुठे आहे इथपासून सुरुवात, तेही इंग्रजीतून. आणि तो पुढे येणार नाही, म्हणजे तुमची मेहनत तिथेच संपते. काम वेगळं असेल तर त्याला वेगळं नाव आणि वेगळा दर द्या. "पेटीची ओळख", शनिवारी सकाळी दोन तास, घरात जेवढ्या पेट्या तेवढीच माणसं, समजा चार, माणशी १२०० रुपये, पेटी आणि चहा धरून. ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच तारखा उघडा. तिथे मॉस्कोचा माणूस आला काय आणि मडगावचा आला काय, दर तोच. ज्या पाहुण्याला रोज शिकायचं आहे त्याला सकाळचा पास घेऊ दे. पाच तासांची बांधिलकी तो देतोय, मग आपल्या माणसाला मिळतो तोच भाव त्यालाही मिळायला हवा.

जागा भरत आल्या की आपोआप भाव चढवायचा, शेवटच्या दिवशी उरल्या तर पाडायचा, अशी सोयही सॉफ्टवेअरमध्ये दिसेल. विमानाच्या तिकिटाला ते ठीक आहे. शिकवणीला मुळीच नको. एकदा का लोकांना कळलं की गुरुवारी रात्री स्वस्त होतं, की सगळे गुरुवार रात्रीची वाट बघतात, आणि वेळेवर पैसे भरणारा मूर्ख ठरतो.

दुबईच्या मुलीचं सोपं आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, तिचे संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे साडेआठ. तो तुमचा जेवणाचा वेळ, म्हणून दर सकाळचा नको, ६५० चाच. परदेशी कार्डाने पैसे आले की मधली कंपनी देशातल्यापेक्षा जास्त कापते. किती कापते ते आधी बघून घ्या आणि तेवढं धरून "ऑनलाइन तास" अशी वेगळी सेवा करा. इथल्या पालकांना यूपीआय पुढे ठेवा. कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी धरला तर ८०० मागे १९ रुपयांच्या आसपास जातात, ते दरवर्षी बरेच होतात. उद्या इंग्लंडहून कुणी गोंयकार आलं तर लक्षात ठेवा, तिथलं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक तास सरकतं. सॉफ्टवेअरला शिकणाऱ्याची स्थानिक वेळ दाखवायला सांगा, म्हणजे घोटाळा होत नाही.

कराचा रकानाही तपासा. परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कधी कधी आधीच चालू असतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर गोव्यात जीएसटी नोंदणीची गरज नसते, आणि नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी घेता येत नाही. तो रकाना शून्य करा.

तास रद्द करण्याचा नियम एकच ठेवा: १२ तास आधी कळवलं तर तास पासमध्ये परत, नंतर कळवलं तर मोजला. तुमच्याकडून रद्द झाला, किंवा जूनमध्ये वीज गेल्याने ऑनलाइन तास झाला नाही, तर तो नेहमी परत, न मागता. मुलं आजारी पडतील तेव्हा नियमावर बोट ठेवू नका. सॉफ्टवेअर नियम पाळतं ते ठीक, पण तास हाताने परत देण्याचं बटण तुमच्याकडे असतं.

हे सगळं आजच्या आज बदलू नका. चालू महिना जसा आहे तसा पुरा होऊ द्या. दर बदलला तरी आधी झालेली बुकिंगं बहुतेक ठिकाणी जुन्या दरानेच राहतात, पण दर महिन्याला आपोआप होणारी वसुली कुठल्या दराने होईल ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं. ते भाच्याकडून बघून घ्या. मग तुमच्या खात्यातून बाहेर येऊन, दुसऱ्याच्या फोनवरून, प्रत्येक दराचं एकेक बुकिंग स्वतः करून पाहा. पावतीवर काय छापून येतं ते नीट वाचा, कूपनची पावती तर दोनदा. सगळं मनासारखं झालं की लिंक पालकांच्या ग्रुपवर टाका.

फक्त त्या वडील नसलेल्या मुलाच्या आईला ग्रुपवरून कळू देऊ नका. आदल्या संध्याकाळी तिच्या घरी जा, चहा घ्या, आणि तिच्याच फोनवरून पहिलं बुकिंग तुम्ही करून द्या.